व्रणाची पूर्वकथा

आमच्या घरी खंडेनवमीला एका तलवारीची पूजा होते. होळकरांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज माळव्यात आले, त्यांची ती तलवार, असे वडील सांगत. वर्षभर ती कपाटावर कापडात गुंडाळलेली असते. त्या दिवशी तिला तेल लावायचे, गंधफूल वाहायचे आणि दसरा झाला की पुन्हा गुंडाळून ठेवायची, एवढाच आमचा व तिचा संबंध. मागच्या नवरात्रात चिरंजीव सुट्टीवर आले होते. तलवार पुसता पुसता त्यांनी विचारले, "बाबा, हिने किती माणसे मेली असतील हो?" आम्ही म्हणालो, "पूजेच्या वेळी असले काही बोलू नये." आमच्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून दटावले, हे उघड आहे.

त्याच रात्री त्यांनी आम्हांस एक जपानी चित्रकथा पाहावयास बसविले. तिकडे चलच्चित्रांच्या या प्रकारास 'अ‍ॅनिमे' म्हणतात. या वयात व्यंगचित्रे काय पाहायची, म्हणून आम्ही कुरकुर केली. मांजर-उंदराच्या पाठलागापलीकडे या कलेशी आमचा परिचय नव्हता. दोन तासांनी उठलो तेव्हा समोरचा चहा तसाच गार झालेला होता.

नोबुहिरो वात्सुकी या चित्रकथाकाराची 'रुरौनी केन्शिन' ही मालिका १९९४ ते १९९९ या काळात मुलांच्या एका जपानी साप्ताहिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा काळ १८७८ चा. नायक एक हसतमुख, तांबड्या केसांचा भटक्या. त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूला आहे, कारण पुन्हा कोणाचा जीव घ्यायचा नाही असे त्याचे व्रत आहे. त्याच्या डाव्या गालावर फुलीच्या आकाराचा व्रण आहे. तो व्रण कसा आला, ही पूर्वकथा १९९९ साली काझुहिरो फुरुहाशी यांच्या दिग्दर्शनाखाली चार भागांत चित्रित झाली. तिचे जपानी नाव 'त्सुइओकुहेन', म्हणजे स्मरणखंड. मूळ मालिकेत थट्टामस्करी पुष्कळ आहे, या खंडात ती जवळजवळ नाही. येथे पाऊस आहे, बर्फ आहे आणि दीर्घ मौन आहे.

कथा शोगुनशाहीच्या अखेरच्या वर्षांतील क्योतो शहराची. चोशू संस्थानाचे पुढारी कात्सुरा कोगोरो (पुढे किडो ताकायोशी या नावाने प्रसिद्ध झालेले) नवे युग आणू पाहत आहेत. ही व्यक्ती इतिहासातली, केन्शिन कल्पनेतला. चौदा-पंधरा वर्षांचा हा मुलगा, दुबळ्यांचे रक्षण व्हावे या शुद्ध हेतूने, त्यांच्यासाठी रात्री माणसे मारतो. कोणाला मारायचे ते लखोट्यातून कळते. एका रात्री लखोट्यात नाव असलेल्या अधिकाऱ्याबरोबर त्याचा अंगरक्षकही मरतो. हा अंगरक्षक मोठा योद्धा नव्हे. त्याचे लग्न ठरलेले आहे आणि म्हणूनच तो जगण्यासाठी जिवाच्या आकांताने झगडतो. मरता मरता त्याच्या तलवारीने केन्शिनच्या गालावर एक रेघ उमटते. ती जखम नीट भरत नाही.

त्या अंगरक्षकाची वाग्दत्त वधू तोमोए पुढे केन्शिनच्या जीवनात येते ती सूड घेण्यासाठी, शत्रूची हस्तक म्हणून. १८६४ च्या धामधुमीनंतर दोघे ओत्सूजवळच्या खेड्यात पतिपत्नी म्हणून लपून राहतात. तो औषधे विकतो, भाजीपाला लावतो. पती-पत्नीचे सोंग हळूहळू खरे होते. शेवटी बर्फाळ रानात, डोळे-कान अधू झालेल्या अवस्थेत, त्याने शत्रूवर केलेला वार त्याला वाचविण्यासाठी मध्ये आलेल्या तोमोएलाही लागतो. प्राण जाताना ती आपल्या खंजिराने त्याच्या गालावर पहिल्या रेघेवर दुसरी रेघ ओढते. व्रण पुरा होतो.

आता प्रश्न असा, की शेवट आधीच ठाऊक असताना अशा कथेत मन का गुंतावे? मालिका वाचलेल्या प्रत्येकास व्रण ठाऊक होता. आम्हांसही चिरंजीवांनी आरंभीच सांगून टाकले होते. परंतु अभिमन्यू चक्रव्यूहातून बाहेर येत नाही हे आपणांस लहानपणापासून माहीत असते, तरी कीर्तनकार त्या प्रसंगास आला की मांडव निःशब्द होतो. काय होणार ही उत्कंठा संपली, की माणसाचे लक्ष कसे झाले याकडे जाते. तोमोए निमूटपणे भाजी निवडत असते आणि आपण तिचे हात पाहत राहतो, कारण त्या हातांचे पुढे काय होणार हे आपण जाणतो, ती जाणत नाही. जपानी रंगभूमीस हे नवे नाही. चिकामात्सु मोंझाएमोन (१६५३–१७२५) याच्या नाटकांत 'गिरी' म्हणजे कर्तव्याचे ऋण आणि 'निंजो' म्हणजे माणसाचे मन, यांच्या ओढाताणीत प्रेमिकांचा बळी जातो.

केन्शिनचे पात्र सुचले ते कावाकामी गेन्साई या खऱ्या मारेकऱ्यावरून. १८६४ साली क्योतोत साकुमा शोझान या विद्वानाचा खून त्याने केला. शोगुनशाही पडली, नवे सरकार आले आणि त्याच सरकारने १८७२ साली गेन्साईचा शिरच्छेद केला. ज्या हातांनी युग आणले ते हात नव्या युगास नकोसे झाले. कथेतला केन्शिन मात्र जगतो आणि गालावरचा हिशेब मिरवत फिरतो. आम्हांस वाटते, या पूर्वकथेचे खरे आकर्षण येथे आहे. तिच्यात हेतू खोटा नाही आणि हात स्वच्छ नाहीत. पुढच्या सगळ्या सज्जनपणाखाली काय पुरले आहे ते ती उकरून दाखविते.

हे आम्हांस इतके का लागले, ते सांगितले पाहिजे. १९९० च्या सुमारास आम्ही डेप्युटी कलेक्टर होतो. एका सिंचन तलावासाठी जमिनी संपादन करावयाच्या होत्या. यादी कचेरीतून तयार होऊन आली, आम्ही सही केली. ताबा घेण्याच्या दिवशी एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस खाटेवर बसविले, पाणी दिले आणि विहिरीपाशी नेले. विहीर दगडी बांधणीची होती, त्याच्या वडिलांनी खोदलेली. यादीत ती 'कच्ची विहीर' अशी लिहिली गेली होती. फरकाचे पैसे फार नव्हते आणि त्याने ते मागितलेही नाहीत. एवढेच म्हणाला, "साहब, डूबेगा तो डूबे, पर लिखो तो सही।" आम्ही म्हणालो, अपील करा. त्याने अपील केले नाही. तलाव भरला, पुढे पुष्कळांची शेते त्यावर भिजली, आम्हांस शाबासकी मिळाली. तलाव व्हावा असे आम्हांस आजही वाटते.

मारेकऱ्याशी आपली तुलना करणे अतिशयोक्तीचे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु लखोट्यातले नाव वाचणारा मुलगा आणि यादी न वाचता सही करणारा अधिकारी, दोघांनाही पुढच्या चांगल्या दिवसांचा भरवसा होता. केन्शिनला निदान व्रण तरी मिळाला. आम्हांस निवृत्तिवेतन मिळाले.

कथेच्या आरंभी एक प्रसंग आहे. गुलामांचे व्यापारी या अनाथ मुलास घेऊन जात असताना दरोडेखोर हल्ला करून सर्वांस मारतात. एक तलवारबहाद्दर येऊन दरोडेखोरांस मारतो व मुलास वाचवितो. मग तो मुलगा सर्वांसाठी थडगी खणतो. त्याला सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी, व्यापाऱ्यांसाठी आणि दरोडेखोरांसाठीही. मेल्यावर सगळी प्रेतेच, एवढे त्याला कळते. मोठा झाल्यावर तेच तो काही काळ विसरतो.

यंदाच्या खंडेनवमीला आम्ही तलवारीस फूल वाहिले आणि एक फूल शेजारच्या रिकाम्या पाटावर ठेवले. चिरंजीवांनी काही विचारले नाही. राहिली विहीर. ती कच्ची नव्हती, पक्की होती, दगडी बांधणीची. दुरुस्ती करण्याजोगे दप्तर आता आमच्या हाती नाही, म्हणून येथे लिहून ठेवतो.