हरिश्चंद्रगडाला निघालात? वाटाड्याला आधी नीट निरोप द्या



भाताची कापणी-झोडणी उरकली, गहू-हरभरा पेरून पहिले पाणी दिले, की मार्गशीर्षाच्या सुमारास घरच्या माणसांना चार दिवस उसंत मिळते. या दिवसांत हरिश्चंद्रगडाला जरूर जाऊन या. आकाश निवळ असते, वाटेवरचे शेवाळ वाळलेले असते आणि पावसाळ्यासारखे धुके नसते. वर गेल्यावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर पाहा. त्याच्या जवळच्या केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर गार पाण्यात मोठी पिंड आहे. तिच्याभोवतीच्या चार खांबांपैकी एकच आता शाबूत आहे. मंदिरापासून अर्ध्या-पाऊण तासावर कोकणकडा. आत वाकलेला तो कडा पाहून आपली म्हातारी माणसेही काही वेळ बोलायची थांबतात.

मात्र या गडावर पायथ्याच्या गावचा माणूस सोबत घेतल्यावाचून जाऊ नये. डोंगर सुमारे १,४०० मीटर उंच आहे. खिरेश्वरच्या बाजूने तोलार खिंड ओलांडून वर गेलात, की एकामागून एक सारख्याच दिसणाऱ्या टेकड्या लागतात आणि गुरांच्या वाटा चहूकडे फुटतात. त्यातली आपली कोणती, हे गवत वाळलेल्या दिवसांत नवख्याला मुळीच कळत नाही. गावच्या माणसाला ती अंगणासारखी पाठ असते.

असा माणूस मिळणे अवघड नाही. एखाद्या पाहुण्याकडून नंबर मिळतो, फोन होतो, तो हो म्हणतो. घोटाळा होतो तो त्यापुढे. आपण म्हणतो, “शनिवारी सकाळी येतो, गडाच्या पायथ्याला भेटा.” आता या गडाचा पायथा तीन जिल्ह्यांत आहे, हे किती जणांना ठाऊक असते? पाचनई अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात. खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, पुणे जिल्ह्यात. आणि कोकणकड्याच्या तळाशी बेलपाडा, ते मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. बेलपाड्याच्या वाटा कड्याकपारीतल्या आहेत. मुलेबाळे घेऊन तिकडे जायचे नावही काढू नका. उरल्या दोन. पण त्याही डोंगराच्या दोन बाजूंना. खिरेश्वरहून गाडीने पाचनईला जायचे तर ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ असा वळसा आहे, आणि त्यात दोन-तीन तास सहज मोडतात.

आमच्या भागातल्या एका कुटुंबाचे काही वर्षांपूर्वी नेमके हेच झाले. वाटाड्या पाचनईचा होता. ही मंडळी ओतूरवरून आली, त्यामुळे उतरली खिरेश्वरला. दोघेही पायथ्याशीच होते! डोंगराच्या आडोशाला फोन लागेना. तो अकरापर्यंत वाट पाहून घरी गेला. इकडे मंडळी कंटाळून आपली आपणच चढू लागली, खिंडीच्या वर वाट चुकली आणि मंदिर न पाहताच मागे फिरली. खिंडीखालचा उतार त्यांनी रात्री आठ वाजता, एका बॅटरीच्या उजेडात, दहा वर्षांच्या पोराला पाठीवर घेऊन उतरला. कोणाला दुखापत झाली नाही, एवढेच.

त्या वाटाड्याचे काय झाले तेही ऐका. त्याच्या खळ्यावर त्या दिवशी सावड होती. मळणीला शेजारची चार माणसे येणार होती. पाहुणे येणार म्हणून त्याने ती दोन दिवस पुढे ढकलली होती. सावड मोडली म्हणजे काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको. हा माणूसही आपल्यासारखाच शेतकरी आहे. त्याचे भात आहे, नाचणी-वरई आहे, खुरासणी आहे. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: “दादा, त्या दिवशी तुमचे काही काम तर नाही ना? बाजार, लग्नकार्य?” आणि मेहनताना किती हेही तेव्हाच बोलून टाका. वर गेल्यावर घासाघीस करणे शोभत नाही.

निरोप कसा असावा? मी तरी असा देईन: “दादा, शनिवार, १२ तारखेला येतो. आम्ही सहा जण आहोत. दोन बायका, एक दहा वर्षांचा मुलगा, एक साठीचे आजोबा, बाकी धडधाकट. पाचनईच्या बाजूने चढणार. एस.टी. थांबते तिथे सकाळी आठला भेटू. मुक्काम नाही. जेवण तुमच्याकडे, सहा माणसांचे, भाकरी-पिठले चालेल. साडेनऊपर्यंत आलो नाही, तर आमची वाट न पाहता कामाला लागा.” हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. त्याने समोरच्याचा दिवस मोकळा राहतो. मग त्यालाच म्हणावे, “आता तुम्ही एकदा सांगा बरं, काय ठरलं ते.” तो चुकून खिरेश्वर म्हणाला, तर चूक तिथेच कळते. आदल्या दिवशी, गावातून निघण्यापूर्वी, पुन्हा एक फोन करा. रेंज असेपर्यंतच तो होतो.

आणि घड्याळाची वेळ सांगा. ‘न्याहारीला’, ‘उन्हं वर आल्यावर’ हे आपल्या शिवारात ठीक आहे. त्याची न्याहारी आणि तुमची न्याहारी यांत दोन तासांचे अंतर असू शकते.

आता वेळेचा हिशेब. आपण नेहमी घरून निघण्यापासून मोजतो, तो उलट, अंधारापासून मोजावा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पाचनईची वाट दोन-अडीच तासांची, मुले-म्हातारे असतील तर तीन धरा. आठला निघालात की अकरा. मंदिर, गुहा, जेवण, कोकणकडा जाऊन-येऊन, यांना चार तास तरी हवेत. तीनला उतरायला लागलात तर उजेडात गावात पोहोचता. खिरेश्वरची वाट मात्र चार-पाच तासांची आहे. सातला चढायला लागलात तरी बारा वाजतात आणि उतरायलाही साडेतीन-चार तास लागतात. म्हणजे वर दोनच तास उरतात. मंदिर आणि गुहा होईल, कडा होणार नाही. शिवाय कल्याण रस्त्यावर खुबी फाट्याला एस.टी.तून उतरलात म्हणजे खिरेश्वर आले असे नव्हे. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून सुमारे पाच किलोमीटर चालायचे आहे. पोरे घेऊन सव्वा-दीड तास. फाट्यावर साडेपाचला उतरणारी बस नसेल तर आदल्या रात्री खिरेश्वरला मुक्काम करा, आणि भेटायची जागा नागेश्वराचे जुने मंदिर सांगा. ते पाहण्यासारखेही आहे.

कोकणकड्यावरून सूर्यास्त पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो. पाहा, पण मग रात्री गडावरच राहायचे, हे आधी ठरवा आणि वाटाड्याला आधी सांगा. पांघरूण, जेवण, दुसऱ्या दिवशीची त्याची हजेरी, सगळेच त्यावर अवलंबून असते. कड्यावर बसल्यावर “थांबू या का थोडे?” असे विचारले, तर तो माणूस भिडेपोटी नाही म्हणत नाही आणि घरी त्याच्या गाई धारेवाचून हंबरत राहतात.

उतरल्यावर त्याच्या ओट्यावर चहा होईलच. खुरासणी यंदा किती झाली ते विचारा, आमच्या अकोल्याकडचे लोक त्यावर मोकळेपणी बोलतात. घरी पोहोचलात की “सुखरूप आलो” एवढा फोन त्यालाही करा. त्याची बायको दिवे लागल्यापासून दोनदा विचारून गेलेली असते, पाहुणे पोहोचले का म्हणून.