खिशातला शिरा

ग्लुकोमीटरवर आकडा आला २३१. टेक्निशियनने हातमोजे काढले. "यांनी काही खाल्लंय का?"

"चहासुद्धा नाही," आप्पा ठणकावून म्हणाले.

रबाळ्याहून पहाटे साडेपाचला निघालो होतो, रात्रीपासून उपाशी. मी त्या पोराशी वाद घालणार, तेवढ्यात आप्पांच्या शर्टाच्या खिशावर तुपाचा डाग दिसला. आत कागदाची पुडी. शेजारच्या सत्यनारायणाचा शिरा; एक बेदाणा तेवढा उरलेला. आप्पा खोटं बोलत नव्हते. खाल्लेलं विसरले होते. आणि विसरतात म्हणूनच तर मेंदूचा पेट स्कॅन करायला आणलं होतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं. टोचतात ते एफडीजी म्हणजे साखरेचीच नक्कल, तिला फ्लोरिन-१८ जोडलेलं. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. जो भाग कामात असतो तो ही नक्कल ओढतो आणि चित्रात उजळतो. रक्तातच साखर तुडुंब असली की एकाच दारात दोघींची रेटारेटी होते, नक्कल बाहेर राहते. "चित्र फिकं येतं एवढंच नाही. साखर चढलेली असली तर धडधाकट मेंदूही कधीकधी अल्झायमरसारखा दिसतो."

म्हणजे त्या शिऱ्याने आप्पांना नसलेला आजारही चिकटवला असता!

डोस उद्यासाठी ठेवता येईना. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. २००२ साली परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये पेट स्कॅन सुरू झाला, तेव्हा हे फ्लोरिन बनवणारा सायक्लोट्रॉनही तिथेच बसवावा लागला, तो यासाठीच.

पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघराला कुलूप घातलं. निघताना बापाचे खिसे तपासले. तपासताना त्यांच्याकडे बघवलं नाही. साखर ११२. इंजेक्शननंतर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत. बोलायचं नाही, नाहीतर बोलण्याचा भाग साखर ओढून घेतो.

आप्पांची तीस वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढे गेली. लोखंडाच्या रंगावरून तापमान सांगायचे. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरबाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. मागचा, दृष्टीचा भाग लालपिवळा. कानांच्या वरचा, दोन्हीकडचा, हिरवानिळा. त्या बोलायला लागणार, तोच आप्पांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"जॉब सगळीकडून सारखा तापला नाही," ते म्हणाले. "भट्टीतून घाईने काढलाय."