घरातली सफ

असोदा म्हणजे बहिणाबाईंचे माहेर. जळगावच्या अगदी जवळचे आमचे गाव. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि नमाज मशिदीतून घरात आली. २५ एप्रिलला रमजान लागला तोही बंद दारांआड. जुम्याऐवजी आम्ही घरीच जोहर पढू लागलो.

मुसलमानांना नियम नकोत, असे तेव्हा रोज कानी येई. ‘जमात’ हा शब्द तर शिवीसारखा झाला होता. अहमदनगर जिल्ह्यात परदेशी तब्लीगींवर नोंदवलेले गुन्हे २१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले. पण तोवर बोलणारे बोलून गेले होते.

वास्तविक हा नियम आमच्या घरचाच. साथीच्या गावी जाऊ नका, साथ असलेल्या गावातून पळू नका, ही पैगंबरांची (स.) शिकवण हदीसमध्ये आहे. पावसाचिखलाच्या एका जुम्याला इब्न अब्बास यांनी लोकांना घरीच नमाज पढायची हाक मुअज्जिनकडून देवविली होती. शरीअत याला रुखसत म्हणते. ती पळवाट नाही, तोही कायदाच.

तरावीहला अब्बा इमाम झाले. मागे मुले, त्यांच्या मागे बायका. अब्बांना पाठ असलेल्या लहान सूराच पुन्हा पुन्हा येत. अम्मी आयुष्यभर घरात एकटीच नमाज पढत आलेली. ती म्हणाली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमच्यामागे उभी राहिले.”

कठीण गेले ते मय्यतीचे. मुंबईत ३० मार्चला महापालिकेने सर्व मृतांचे दहन करण्याचे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी बदलले. २२ मे रोजी उच्च न्यायालयाने दफनाचा हक्क मान्य केला. पुढे पावसाळ्यात आमचे मोठे चाचा गेले. देह बंद पिशवीत आला. गुस्ल शक्य नव्हते. पाणी जमत नसेल तर तयम्मुम, तेही जमत नसेल तर तसेच दफन करा, गुनाह नाही, असे उलेमांनी सांगितले. साथीत गेलेल्याला हदीसने शहीदाचा दर्जा दिला आहे, हे चाचींना आम्ही पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

जनाज्याची नमाज फर्जे किफाया. काहींनी पढली की सर्वांचा फर्ज उतरतो. ज्यांना खांदा द्यायला अर्धे गाव आले असते, त्यांच्यासाठी पाच जण उभे राहिले, साऱ्या मोहल्ल्याच्या वतीने. मदरशात पाठ केलेल्या त्या शब्दाचा अर्थ आम्हाला त्या दिवशी कळला.

१६ नोव्हेंबरला मशिदी उघडल्या आणि घरातली सफ मोडली. अम्मी पुन्हा कोपऱ्यात एकटीच नमाज पढते. रमजानात एखादी तरावीह घरी, तिला मागे घेऊन पढायला शरीअत आजही मना करत नाही. त्यासाठी साथ कशाला यायला हवी?