रागांच्या पुड्या

अमुक राग ऐकल्यानें झोंप येते, तमुक रागानें मनावरचें मळभ जातें, अशा याद्या हल्लीं मोबाईलवरून घरोघर फिरत असतात. वैद्यानें चूर्णाच्या पुड्या बांधून द्याव्या तसे राग सकाळ-संध्याकाळ नेमून दिलेले असतात. संगीतावरील आमची भक्ति कोणाहून उणी नाहीं. परंतु सोळा-सतरा वर्षांचें मूल अन्न सोडून, दार लावून बसलें असतां त्याच्या उशाशीं ही पुडी ठेवून मोकळें होणें आम्हांस पटत नाहीं.

विद्वान् लोक या पुडीस जुना आधार दाखवितात. रॉबर्ट बर्टन याच्या १६२१ सालच्या विषादावरील जाडजूड ग्रंथांत संगीताचें औषध म्हणून गुणगान आहे खरें. पण गाणें ऐकून पुष्कळ माणसें खिन्नही होतात, मात्र ती खिन्नता गोड असते, असेंही त्यानेंच नमूद केलें आहे. बायबलांतील शौल राजाची व्यथा दाविदाच्या वीणावादनानें शमत असे, ही कथा तर सर्वश्रुत. पुढें त्याच राजानें, वादन चालूं असतांनाच, दाविदावर भाला फेकला, हा भाग सांगणारे बहुधा गाळतात!

आम्हांस जी पद्धति मानवते तींत रोगी हा श्रोता नसून वादक असतो. जूलिएट आल्व्हिन या चेलोवादक बाईंनीं १९५८ सालीं इंग्लंडांत संगीतोपचाराची संस्था स्थापन केली. त्यांच्या पद्धतींत मूल ढोल, झांज, पियानो, जें हातीं येईल तें वाजवितें. स्वरलिपि नाहीं, ताल चुकला म्हणून कोणी हटकीत नाहीं. उपचार करणारा ऐकतो आणि आपल्या वाद्यानें उत्तर देतो. मनांत काय चाललें आहे हें ज्या वयांत सांगतां येत नाहीं, किंवा सांगावयाचेंच नसतें, त्या वयास ही सोय मोठी आहे.

उत्तर आयर्लंडांत ८ ते १६ वर्षें वयाच्या २५१ मुलांवर या पद्धतीची रीतसर परीक्षा झाली. तिचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें निम्म्या मुलांस नेहमींचे उपचार मिळाले, उरलेल्यांस त्यांच्या जोडीस बारा आठवडे असें वादन. वाद्यें हातीं आलेल्या मुलांचें नैराश्य त्या अखेरीस कमी झालेलें आढळलें, स्वतःविषयींचा आदर वाढला, आणि तेरा वर्षांवरील मुलांचें बोलणें-चालणें सुधारलें. सर्व वयांची मुलें एकत्र धरतां मात्र बोलण्या-चालण्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कुटुंबांतील व्यवहारांतही नव्हता. या शेवटच्या ओळीवर आम्ही बराच वेळ थबकलों.

कारण आमची भाची. कॉलेज बंद, रात्रीं छातींत धडधड, दिवसा अंथरूण. मनोविकारतज्ज्ञांचीं औषधें चालूं होतीं, आणि त्यांच्याच सल्ल्यानें आठवड्यांतून एकदां ती अशा उपचार करणाऱ्या एका बाईंकडे जाऊं लागली. तीन आठवडे तिनें डग्ग्यावर नुसते ठोके दिले. बहीण आमच्याकडे येऊन म्हणाली, "दादा, पैसे मोजून ही एकच ठोका वाजवते. त्यापेक्षां घरीं भूप लावते मी!" आणि लावीतही असे, तो लागला कीं आंतलें दार बंद होई.

आम्ही भाचीस एवढेंच विचारलें, तेथें बरें वाटतें का? बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "मामा, तिथं मी थांबले तर बाईपण थांबतात. पुढं काय, असं विचारत नाहीत."

आम्ही तें बहिणीस जसेंच्या तसें सांगितलें. ती रडली, मग भूप बंद झाला. औषधें अद्याप चालूं आहेत, कॉलेजाचें नांव कोणी काढीत नाहीं. गेल्या महिन्यांत मुलीनें डग्गा घरीं मागितला. दुपारीं एक ते चार वाजवूं नये, अशी चिठ्ठी खालच्या मजल्यावरील गृहस्थांनीं पाठविली आहे. ती हातांत घेऊन आमची बहीण सबंध इमारतींत ज्याला त्याला दाखवीत होती.