आधी वर्णन, मग क्लेम

पेटंटच्या कामात मी बरीच वर्षं एका मताला धरून होते: क्लेमचा, म्हणजे पेटंटची हद्द आखणाऱ्या वाक्याचा, अर्थ क्लेममध्येच शोधावा, आणि शब्द स्पष्ट असेल तर पेटंटमधलं शोधाचं वर्णन चाळायचं कारण नाही. दुसऱ्या कारखानदाराला कुंपण कुठे आहे ते आधी कळायला हवं, हे त्यामागचं कारण. ते मला आजही मोलाचं वाटतं. तरीही मत बदललं, फ्युएल सेलच्या प्लेटमुळे.

या प्लेटच्या एका अंगाच्या बारीक चरांतून हायड्रोजन वाहतो, दुसऱ्या अंगाने हवा, आणि तीच प्लेट एका सेलची वीज शेजारच्या सेलला पोचवते. चालू सेल जेमतेम ०.६-०.७ व्होल्ट देतो, म्हणून सेलची चळत रचावी लागते. टोयोटाच्या पहिल्या मिराईत ३७० सेल होते. इतक्या सांध्यांवर थोडासा रोधही महागात पडतो.

समजा, क्लेम असा आहे: ‘पृष्ठभागावर कार्बनचे कण मिसळलेल्या रेझिनचा थर असलेली प्लेट’. स्टेनलेस स्टीलवर हा थर मुद्दाम देतात. सेलच्या आत ८० अंशांच्या आसपास उष्णता, ओल आणि आम्ल. उघडं स्टील हळूहळू झिजतं, सुटलेले लोखंडाचे आयन सेलमधलं मेम्ब्रेन खराब करतात, आणि स्टीलला वाचवणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो. रेझिन आम्लाला थोपवतं, कार्बन वीज नेतो. आता दुसरी प्लेट घ्या, ग्राफाइटची भुकटी आणि रेझिन साच्यात दाबून केलेली. तिच्याही पृष्ठभागावर रेझिन जास्त असलेला पापुद्रा धरतो, त्यातही थोडा कार्बन असतो. पण तो वीज अडवतो, म्हणून तो घासून काढावा लागतो. शब्दकोशाच्या हिशेबाने दोन्ही थरच. एकीकडे तो शोधाचा गाभा, दुसरीकडे नको असलेला पदर; आणि हे सांगतं फक्त वर्णन.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने भांडी घडवण्याच्या पद्धतीवरच्या बिश्वनाथ प्रसाद खटल्यात १९७८ सालीच सांगितलं होतं, की आधी वर्णन वाचावं, मग क्लेम. तो परिच्छेद मला पूर्वी जुन्या वळणाचा वाटायचा. आता अगदी व्यवहारी वाटतो. अमेरिकेत २००५ च्या फिलिप्स निकालाने क्लेमचा अर्थ लावताना शब्दकोशाला मिळणारा मान कमी केला. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित मंडळाने तर जून २०२५ मध्ये ठरवलं, की क्लेम स्पष्ट असो वा नसो, वर्णन पाहायचंच.

एका बाबतीत मात्र मी हटून आहे. वर्णनातल्या उदाहरणात इपॉक्सी आणि २० मायक्रॉन जाडी लिहिलीय, एवढ्यावरून क्लेम तेवढ्यापुरता आखडू नये. फिनॉलिक रेझिनने तेच काम साधणारा त्या वाटेने सुटता कामा नये.

हल्ली असा क्लेम हाती आला की मी आधी विचारते, हा थर नसता तर या प्लेटचं काय झालं असतं? वर्णनात उत्तर सापडलं नाही, तर व्यापक अर्थाचा सल्ला मी देत नाही, अशिलाचा कितीही आग्रह असला तरी.