मृत्यू कोणाच्या खाती मांडावा?

जिल्ह्याच्या आरोग्य-दप्तरात संख्याशास्त्रज्ञ म्हणून काम करीत असता, ग्रामीण रुग्णालयांतील नवजात बालकांच्या मृत्यूंचा तुलनात्मक तक्ता करण्याचे काम मजकडे आले. निकषाप्रमाणे सर्वांना सारख्याच तीस खाटा असल्या, तरी सपाटीवरील रुग्णालयामागे १,२०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ८०,००० लोकसंख्या धरलेली असते. त्यांपैकी डोंगरातील एका रुग्णालयाचा मृत्युदर सर्वांत अधिक दिसला, आणि तेवढ्यावरूनच तेथील डॉक्टरांकडे खुलासा मागविण्याची तजवीज चालली होती.

मला ते न्याय्य वाटेना. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली लंडनच्या इस्पितळांचे मृत्युदर छापले, तेव्हाही आक्षेप आला होता की, जेथे अधिक गंभीर रुग्ण येतात तेथे मृत्यू अधिक होणारच. म्हणून मी लॉजिस्टिक समाश्रयणाचे प्रतिमान मांडले. बालकाचे जन्मवजन, गर्भावस्थेचे आठवडे आणि मातेचे हिमोग्लोबिन यांवरून प्रत्येक बालकाच्या मृत्यूची संभाव्यता काढावयाची, त्या संभाव्यतांची बेरीज म्हणजे त्या रुग्णालयातील अपेक्षित मृत्यू समजावयाचे, आणि प्रत्यक्ष मृत्यू त्यांच्याशी ताडून पाहावयाचे, अशी ती रीत. तिने पाहता डोंगरातील रुग्णालयाचे मृत्यू अपेक्षेहून कमीच निघाले.

उलट ज्या रुग्णालयाची नोंदवही निष्कलंक होती, तेथे अत्यवस्थ बालकांपुढे ‘जिल्हा रुग्णालयात पाठविले’ एवढाच शेरा होता, आणि त्यांचे मृत्यू जिल्हा रुग्णालयाच्या दप्तरी जमा होत होते. आशाताई जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी जाऊन बाळाची नोंद करतात. त्या नोंदी जुळवून प्रत्येक बालकाचा अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतचा परिणाम मी त्याच्या जन्मस्थानाकडेच मांडला.

पुढे, माता रुग्णालयात पोहोचण्यास लागलेले तासही प्रतिमानात घातले, तेव्हा डोंगरातील रुग्णालय अधिकच दोषमुक्त झाले. ते ऐकून तेथील ज्येष्ठ परिचारिका म्हणाल्या, “साहेब, नाल्याला पाणी आलं की बाईला खाटेवर घालून आणतात. तो उशीर तुम्ही आमच्या नावावरून काढलात, हे बरं झालं. पण आता तो लावणार कोणाच्या नावावर?”

त्या प्रश्नाने माझ्या अहवालाचे स्वरूप ठरले. वाटेतील विलंब वगळून रुग्णालयाचा हिशेब मी एका रकान्यात दिला. आणि विलंब न वगळता येणारा आकडा शेजारच्या रकान्यात, जिल्हा प्रशासनाच्या नावे मांडला. कारण रस्ता, पूल आणि वेळेवर मिळणारी रुग्णवाहिका हा परिचारिकेच्या अधिकारातील विषय नसला, तरी कोणाच्या तरी अधिकारातील विषय निश्चित आहे. एकाला न्यायाने दोषमुक्त करताना ज्याचे उत्तरदायित्व उरते त्याचे नाव अहवालात लिहिणे, हे संख्याशास्त्रज्ञाचे कर्तव्यच आहे, अशी माझी श्रद्धा आहे.