माळाचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार आपणां सर्वांस परिचित आहे. पडके शिखर, ढासळलेल्या भिंती, गावकऱ्यांची वर्गणी, गवंड्यांची खटपट आणि शेवटी कलशारोहण, हा सोहळा ज्याने पाहिला नाही असा वाचक विरळा. विहिरीचा, घाटाचा, धर्मशाळेचाही जीर्णोद्धार होतो. परंतु नुसत्या गवताने झाकलेल्या उघड्या माळाचाही जीर्णोद्धार करिता येतो, आणि तो कसा करावा हे शिकविण्यात एखादा अध्यापक आपले उत्तरायुष्य वेचतो, ही गोष्ट पुष्कळांस नवीन वाटेल. असा एक माळ व त्या अध्यापकाची कर्मभूमी गेल्या वर्षी आम्हांस पाहावयास मिळाली. तिचा वृत्तांत घरातील वडीलधाऱ्यांस रुचेल आणि मुलांस उपयोगी पडेल, अशा भरवशावर येथे देत आहो.

आमचे चिरंजीव अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात, मॅडिसन या गावी नोकरीस आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयता एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत तेथे राहिलो. मेंडोटा व मोनोना या दोन सरोवरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे शहर वसले आहे. मध्यभागी राजसभेचा शुभ्र घुमट, आणि तेथून थोड्या अंतरावर १८४८ साली स्थापन झालेले विद्यापीठ. या प्रदेशाचे मूळ रहिवासी होचंक लोक. चार सरोवरांची भूमी या अर्थाचे नाव त्यांनीच तिला दिले. शहराच्या दक्षिणेस विंग्रा नावाच्या धाकट्या सरोवराकाठी विद्यापीठाचे सुमारे १२०० एकरांचे वृक्षोद्यान आहे. सूनबाईंनी ‘उद्यान’ म्हटल्यामुळे ताटवे, कारंजी व बाके पाहण्याच्या तयारीने आम्ही निघालो. आणि पाहतो तो पुढे पसरलेला काळा, जळका माळ!

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. जमिनीवर राख होती आणि जळक्या काडांचा वास अजून येत होता. आमच्या कुटुंबाने हळहळून विचारले, “कोणा दुष्टाने हो ही आग लावली?” तेथील एका मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सांगितले की, ही आग विद्यापीठानेच लाविली, आणि ती लाविली नसती तर थोड्याच वर्षांत हा माळ नाहीसा झाला असता. हे कोडे उलगडावयाचे तर थोडा मागला इतिहास सांगितला पाहिजे.

विस्कॉन्सिनच्या दक्षिण भागात एके काळी लक्षावधी एकर गवताळ रान होते. त्यास तिकडे ‘प्रेअरी’ म्हणतात. पुरुषभर उंच गवत, त्याहून खोल गेलेली मुळे, आणि शेकडो पिढ्यांची मुळे कुजून तयार झालेली काळीभोर माती. होचंक आदी लोक या रानास वेळोवेळी आग लावीत, त्यामुळे झाडझाडोरा त्यात शिरत नसे. एकोणिसाव्या शतकात त्या लोकांस तेथून हुसकाविण्यात आले आणि पोलादी फाळाचा नांगर आला. त्या मातीने गहू व मका अपार दिला. परंतु शंभर वर्षांच्या आत ते रान असे संपले की, आज मूळच्या प्रेअरीचा शेकडा एक भागही शिल्लक नाही. आपण काय घालविले हे दाखविण्यापुरता नमुना तरी राखावा, असे विद्यापीठातील काही मंडळींच्या मनात आले, तेव्हा राखण्याजोगे जवळ काहीच नव्हते. नांगरून झालेले आणि पुढे घोडे चारण्यास ठेविलेले एक शेत तेवढे हाती होते.

१७ जून १९३४ रोजी या उद्यानाचा समर्पणसमारंभ झाला. त्या दिवशीच्या वक्त्यांत आल्डो लिओपोल्ड हे अध्यापक होते. त्यांचा जन्म १८८७ सालचा, आयोवा संस्थानात मिसिसिपी नदीच्या काठचा. येल विद्यापीठात वनविद्येचे शिक्षण घेऊन १९०९ साली ते सरकारी वनखात्यात शिरले आणि नैर्ऋत्येकडील डोंगराळ मुलखात त्यांनी पुष्कळ वर्षे काढिली. तेथील गिला नावाचे विस्तीर्ण अरण्य १९२४ साली रस्त्यांवाचून जसेच्या तसे राखले गेले, ते मुख्यतः त्यांच्या खटपटीने. त्याच वर्षी ते मॅडिसनास आले, आणि १९३३ साली विद्यापीठाने त्यांच्यासाठी शिकारीच्या पशुपक्ष्यांचे संगोपन शिकविणारे अध्यापकपद निर्माण केले. अशा प्रकारचे पद त्या देशात ते पहिलेच. समारंभात त्यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. देशोदेशीची झाडे आणून शोभेसाठी लावण्यापेक्षा, गोरे वसाहतवाले येण्यापूर्वी ही भूमी कशी होती त्याचा नमुना येथे पुन्हा उभा करावा, म्हणजे बिघडलेल्या जमिनीची तुलना कशाशी करावयाची हे विद्यार्थ्यांस कळेल.

बोलणे सोपे होते. करणे कोणासच ठाऊक नव्हते. तो काळ मंदीचा आणि धुळीच्या वादळांचा. बेकार तरुणांस काम देण्यासाठी सरकारने काढिलेल्या छावण्यांपैकी एक १९३५ ते १९४१ पर्यंत या उद्यानात होती. थिओडोर स्पेरी या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली ती मुले रेल्वेच्या कडेला किंवा खडकाळ उतारावर जेथे कोठे जुन्या गवताचा तुकडा उरला असेल तेथे जात, ढेकळासह तो उचलून आणीत आणि शेतात बसवीत. दुष्काळ पडला, पुष्कळ रोपे मेली, पुन्हा आणिली. तथापि नवे संकट निराळेच होते. युरोपातून आलेले कुरणाचे गवत नव्या रोपांस वर येऊ देईना. तेव्हा जॉन कर्टिस या अध्यापकाने आगीचे प्रयोग आरंभिले. परके गवत वसंताच्या आरंभीच कोंब फोडते, म्हणून त्या वेळच्या आगीत ते होरपळते. प्रेअरीची बहुतेक गवते उशिरा जागी होतात आणि त्यांचे कोंब मातीखाली सुरक्षित असतात. शिवाय काळी पडलेली जमीन उन्हाने लवकर तापते, त्याचा लाभ त्यांसच मिळतो. १९४८ साली हे निष्कर्ष छापून निघाले. पुढे या सुमारे ७० एकरांच्या माळास कर्टिस यांचेच नाव दिले गेले. मनुष्याने हेतुपुरःसर पुन्हा उभारलेला जगातील सर्वांत जुना माळ, अशी त्याची ख्याती आहे.

ऑगस्टात आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा ती एप्रिलातील राख कोठे गेली हे सांगता येईना. ‘बिग ब्लूस्टेम’ नावाचे गवत आमच्या पगडीबरोबर उभे होते; त्याची तिबोटी कणसे पाखराच्या पंजासारखी दिसत. ‘कंपास प्लांट’ नावाचे एक उंच झाड त्यात पिवळ्या फुलांनी लवले होते. त्याची पाने कडा दक्षिणोत्तर करून उभी राहतात. म्हणून वाटसरूंनी त्यास होकायंत्राचे नाव दिले. वारा आला की सारा माळ एका बाजूस कलंडे आणि पुन्हा सरळ होई. आमच्या सात वर्षांच्या नातीने अठरा प्रकारची फुले मोजली व एकोणिसाव्यास वाद घातला.

शिक्षकी पेशात आयुष्य गेल्यामुळे लिओपोल्ड यांची शिकविण्याची रीत आम्हांस विशेष मनोवेधक वाटली. १९३८ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी तक्रार केली की, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी मांजराच्या हाडांवरील उंचवटे पाठ करितो. परंतु जिवंत प्राणी आपल्या मुलखात कसा टिकून राहतो हे त्यास कोणी शिकवीत नाही. संस्कृत पाठशाळेत रूपावली घोकून काव्य न वाचता बाहेर पडणारा विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिला आहे. लिओपोल्ड मुलांस शेताच्या बांधावर नेत आणि ती जमीन पोथीसारखी वाचावयास लावीत. येथे हेच तण का उगवले? ओढ्याचे पात्र इतके का खचले? ही अमुक पाखरे गेली कोठे? कारणापासून कार्यापर्यंतची साखळी विद्यार्थ्याने स्वतः जोडावयाची.

आणि जे शिकवावयाचे ते स्वतः करून पाहण्यासाठी त्यांनी १९३५ साली, शहरापासून बऱ्याच दूर, विस्कॉन्सिन नदीकाठी ८० एकरांचे एक उजाड शेत विकत घेतले. आधीच्या कुळाने जमिनीचा कस पार काढला होता; घर जळून गेले होते; उभा होता एक कोंबड्यांचा खुराडा, तोही शेणखताने भरलेला. तो साफ करून पतिपत्नी व पाच मुले सुट्ट्यांत तेथे राहत. त्यास ती मंडळी ‘शॅक’, म्हणजे खोपटे, म्हणत. दर वसंतात साऱ्या कुटुंबाने पाइनची रोपे लावावयाची. १९३६ च्या अवर्षणात जवळजवळ सगळी जळाली. पुढल्या वर्षी पुन्हा लाविली. अशी चाळीस हजारांहून अधिक झाडे त्या सात माणसांच्या हातून लागली. आज तेथे वाळूच्या जागी वन आहे. खोपट्याच्या दारात उभे राहिले असता इतका मोठा मनुष्य इतक्या ठेंगण्या छपराखाली वाकून शिरत असे, हे पाहून मन नम्र होते.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतात गवत पेटले. ते विझविण्यास लिओपोल्ड धावले आणि हृदयक्रिया बंद पडून तेथेच त्यांचा अंत झाला. वय ६१. त्यांचे पुस्तक छापण्याचे प्रकाशकाने आठच दिवसांपूर्वी मान्य केले होते. पुत्र लूना यांनी इतरांच्या साह्याने ते तडीस नेले, आणि १९४९ साली ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ प्रसिद्ध झाले. मनुष्य हा भूमीचा धनी नसून माती, पाणी, वनस्पती व प्राणी या कुटुंबातील एक घटक आहे, हे त्यातील सार. मुलांनी हा वारसा चालविला. तिघांस तेथील राष्ट्रीय विज्ञानसभेचे सदस्यत्व लाभले. कन्या नीना १९७६ साली त्या शेतावर राहावयास परतल्या. कोणते फूल कोणत्या दिवशी उमलले, कोणता पक्षी कधी आला, याची वडिलांनी ठेविलेली टिपणे त्यांनी पुढे चालू ठेविली. १९९९ साली दोन्ही टिपणे ताडून पाहता असे दिसले की, वसंतातील कित्येक घटना पूर्वीपेक्षा लवकर घडू लागल्या आहेत. एका पित्याची रोजनिशी अशा रीतीने ऋतुपालटाची साक्षीदार झाली.

परंतु या कथेस कलशारोहण नाही, हे सांगितलेच पाहिजे. उद्यानाच्या कडेने हमरस्ता गेला आहे. शहराचे पावसाळी पाणी माळावर उतरते, आणि त्याबरोबर आलेले एक दांडगे गवत सखल भाग गिळीत आहे. लिओपोल्ड यांच्या नावाच्या अध्यापकपदावर १९९८ साली जॉय झेडलर या विदुषी आल्या. दलदलीच्या जमिनी पूर्ववत करण्याचा त्यांचा गाढा व्यासंग. बिघडविण्याइतके सुधारणे सोपे नाही, हे त्यांच्या शाखेचे सर्व अनुभव सांगतात. नव्वद वर्षे शहाण्या माणसांनी झिजूनही हा माळ जुन्या माळाची बरोबरी करीत नाही. गुरू गेला, शिष्य गेले, त्यांचे शिष्य आज दर वसंतात आग लावितात. हात थांबला की माळ संपला.

यावरून आपल्याकडील माळांची आठवण होणे साहजिक आहे. सोलापुराकडील नान्नजचा माळ १९७९ साली माळढोकासाठी राखला गेला. आज तो पक्षी तेथे क्वचितच नजरेस पडतो. इतरत्र तर माळ म्हणजे ‘पडीक’, असेच दप्तरात लिहिले जाते. मग तेथे कोणी कारखाना काढितो, कोणी पुण्य म्हणून झाडे लावितो. आणि कुसळी, मारवेल, पवना ही गवते, काळवीट, लांडगा व धनगराची मेंढरे यांचे घर मोडते. वृक्षारोपण पुण्यप्रद खरे, पण गवताच्या घरात नव्हे. अथर्ववेदातील भूमिसूक्ताच्या ऋषीने, आपण भूमीला खणले तर ती जखम लवकर भरून यावी, अशी प्रार्थना केली आहे. मॅडिसनच्या अध्यापकांनी त्या प्रार्थनेची किंमत मोजून दाखविली: एका जखमेस नव्वद वर्षे, आणि तरीही व्रण शिल्लक. आपल्या पुष्कळ माळांवर अजून नांगर फिरलेला नाही. म्हणून वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते की, पावसाळा सरता सरता मुलांस घेऊन गावाबाहेरच्या माळावर जावे आणि तेथील दहा गवतांची नावे एखाद्या वृद्ध धनगरास विचारून घ्यावी. जीर्णोद्धाराची पाळी येण्यापूर्वीची पूजा ती हीच.